‘पासमलर’, मामंजी आणि आत्याबाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांची सासुरवाडी तमिळ आहे. सासरे मूळचे मदुराईचे, पत्नी पुण्यात वाढलेली. दर पोंगलला सासरी १९६१ चा ‘पासमलर’ लावला जातो, शेवटच्या अर्ध्या तासात सगळे घर डोळे पुसते आणि हे मात्र कोरडेच राहतात. उलट त्यांना तो भाऊ हट्टी वाटतो, बहीण दुबळी वाटते आणि शिवाजी गणेशन यांचा अभिनय भडक वाटतो. त्यांनी विचारले आहे की, इंग्रजी उपशीर्षकांमुळे आपले काही निसटते आहे, की चित्रपटच आता जुना झाला आहे? आणि आधी त्याची हिंदी आवृत्ती ‘राखी’ पाहिली तर उपयोग होईल का?

मी गेली २२ वर्षे तमिळ चित्रपटांची मराठी उपशीर्षके लिहितो आणि ‘पासमलर’वर दोनदा काम केले आहे. पहिल्या वेळी माझ्याकडून झालेली एक चूक या प्रश्नाच्या अगदी मुळाशी असल्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी गुंता सोडवू. आपण एकात तीन गोष्टी विचारल्या आहेत. भाषांतरात काय हरवते, अभिनयाची ती शैली कशी पाहावी आणि त्या भावाचे वागणे आज पटावे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वतःच्या मतांवर अवलंबून आहे, आणि ती मते बदलण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्याचे उत्तर काही अंशी प्रतीवर अवलंबून आहे, कारण घासलेल्या आवाजाच्या प्रतीत शिवाजींचा हळू स्वर ऐकूच येत नाही आणि फक्त चढा स्वर तेवढा कानी पडतो. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र मी ठामपणे सांगू शकतो की आपले पुष्कळ काही निसटते आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की इंग्रजीतून निसटलेले हे सारे मराठीत जवळजवळ तयार पडलेले आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. राजू आणि राधा ही पोरकी भावंडे. राजू कामगार असतो, काम सुटते, आणि राधेने खेळणी करून साठवलेल्या पैशांवर तो धंदा उभारून श्रीमंत होतो. राधेचे प्रेम आनंदन नावाच्या तरुणावर बसते. हाच आनंदन राजूच्या कारखान्यात कामगारांच्या बाजूने त्याच्यासमोर उभा राहतो. राजू अखेर लग्न लावून देतो, पण आनंदनच्या बाजूची एक वडीलधारी बाई घरात विष कालवते, घरे वेगळी होतात, आणि शेवटी भाऊ बहिणीच्या मिठीत प्राण सोडतो व तीही त्याच्या मागोमाग जाते. दिग्दर्शन ए. भीमसिंग यांचे, कथा के. पी. कोट्टारक्करा यांची, संवाद आरूर दास यांचे, गीते कण्णदासन यांची आणि संगीत विश्वनाथन–राममूर्ती या जोडीचे. राजू म्हणजे शिवाजी गणेशन, राधा म्हणजे सावित्री आणि आनंदन म्हणजे जेमिनी गणेशन.

आता नावापासून सुरुवात करू. ‘मलर’ म्हणजे फूल, हे सरळ आहे. ‘पासम’ या शब्दाला इंग्रजी उपशीर्षके ‘अफेक्शन’ म्हणून मोकळी होतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘पाश’वरून आला आहे. तमिळमध्ये त्याला मायेचा, लळ्याचा अर्थ आला, पण दोरीची गाठ त्यातून पुरती सुटली नाही. शैव सिद्धान्तात, म्हणजे तमिळ शैवांच्या तत्त्वज्ञानात, तर जीवाला बांधून ठेवणारे बंधन म्हणजेच ‘पासम’. आपण ‘मायेचे पाश’ म्हणतो तेव्हा आपल्यालाही माया आणि फास एकाच शब्दात ऐकू येतात. चित्रपटाचे नाव ‘मायेचे फूल’ असे वाचले तर शेवट अंगावर आल्यासारखा वाटतो. ‘पाशाचे फूल’ असे वाचले तर तो पहिल्या दृश्यापासून येऊ घातलेला असतो.

नात्याच्या शब्दांचे प्रकरण याहून मोठे आहे आणि माझी चूक तिथेच झाली. ‘मलर्न्दुम मलराद’ हे अंगाईगीत या चित्रपटाचा गाभा आहे, टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला यांनी ते गायिले आहे. भाऊ आणि बहीण दुरावलेले आहेत, दोघांनाही मूल झाले आहे, भावाला मुलगा आणि बहिणीला मुलगी, आणि दोघे आपापल्या ठिकाणी आपापले मूल जोजवत एकच गाणे गातात. भाऊ मुलाला सांगतो की तू हत्तींची सेना घेऊन राज्ये जिंकायला जन्मला आहेस, आणि लगेच पुढे म्हणतो की आत्याच्या मुलीशी लग्न करून सुखाने जगायला जन्मला आहेस. बहीण मुलीला सांगते की मामा सोन्याचे घड्याळ आणि हिऱ्यांचा हार घेऊन मागणी घालायला येईल, तुझ्यासाठी सगळ्या जगाचे मोल करील.

इंग्रजी उपशीर्षकात इथे ‘कझिन’ येतो. वाचणारा मनातल्या मनात चुकचुकतो आणि पुढे सरकतो. वास्तविक त्या दोन ओळींत सगळा चित्रपट आहे. भाऊ आणि बहीण एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आपल्या भांडणाविषयी क्षमा मागायला त्यांच्याजवळ शब्द नाहीत. पण ज्या समाजात भावाच्या मुलाने बहिणीची मुलगी करणे हे सर्वांत जवळचे, सर्वांत मानाचे स्थळ मानले जाते, तिथे पाळण्यातल्या मुलाला ‘आत्याची मुलगी कर’ असे सांगणे म्हणजे मोडलेले घर पुढच्या पिढीत पुन्हा सांधण्याचा तह आहे. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, एकाच वेळी तो तह मांडला आहे. हे ज्याला ऐकू येते त्याच्या डोळ्यांत पाणी येते. ज्याला ‘कझिन’ ऐकू येतो त्याला नुसती गोड चाल ऐकू येते.

माझ्या पहिल्या वेळी आयोजकांनी विनंती केली की ही ओळ जरा सौम्य करा, नाहीतर प्रेक्षक हसतील. मीही ऐकले आणि ‘राजकन्येशी लग्न करशील’ असे काहीतरी लिहून टाकले. खेळ संपल्यावर एक वयस्कर तमिळ बाई, ज्यांचे मराठी माझ्याहून शुद्ध होते, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘मी त्या एका ओळीसाठी सुनेला घेऊन आले होते, आणि तुम्ही नेमकी तीच काढलीत.’ त्यानंतर मी नात्याचा एकही शब्द बदललेला नाही.

आणि प्रेक्षक हसतील ही भीतीही मुळात खोटी होती, कारण आपल्याकडे हे परके नाही. आपल्या आज्या सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत असत. का म्हणत असत, याचा आपण कधी विचार करत नाही. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाणे इतके रूढ होते की ज्या सुना तशा नात्यातल्या नव्हत्या त्यांच्याही तोंडी तेच शब्द बसले. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यांच्या रचनेवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटले ते याच अर्थाने: मामाची मुलगी करणे आपल्याकडे अनेक जातींत चालते, पण आत्याची मुलगी करायला पुष्कळ ठिकाणी नाखुशी असते. तमिळनाडूत दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. तिथे ‘अत्तै’ म्हणजे आत्या, मामी आणि सासू. ‘मामा’ म्हणजे मामा आणि सासरा. आणि त्या काळच्या चित्रपटांत बायको नवऱ्याला सर्रास ‘अत्तान’ म्हणते, जो मूळचा आतेभाऊ-मामेभावाचा शब्द आहे. म्हणजे नवरा हा आधीच घरातला माणूस असतो, निदान भाषेत तरी.

यावरून आनंदनची अडचण लक्षात घ्या. तो ना आत्याचा मुलगा, ना मामाचा. तो बाहेरून आलेला, त्यातही धन्याविरुद्ध कामगारांची बाजू घेणारा. राजूचा नकार आपण ‘श्रीमंत भावाचा अहंकार’ म्हणून वाचता, आणि तो आहेच. पण त्याखाली नात्याबाहेरच्या माणसाला ‘माप्पिळ्ळै’, म्हणजे जावईबापू, म्हणून मान देण्याची अवघड गोष्टही आहे. आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणतात. तिकडेही बहिणीच्या नवऱ्यापुढे भाऊ नेहमी एक पायरी खाली उभा असतो, मग कारखाना कोणाच्याही मालकीचा असो. कालपर्यंत जो आपला नोकर, त्याच्यापुढे उद्यापासून मान झुकवायची, हा राजूचा खरा पेच आहे.

आपण बहिणीला दुबळी म्हटले आहे. लग्नानंतरच्या भागाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. त्या भागात पटकथा राधेला दोन घरांच्या मध्ये नुसती उभी करते, आणि सगळा दोष त्या कारस्थानी बाईच्या माथी मारून दोन्ही पुरुषांना सोडून देते. कौटुंबिक चित्रपटांची ही जुनी सोय आहे आणि ती मला दर वेळी खटकते. परंतु पूर्वार्ध पुन्हा पाहा. धंद्याचे भांडवल राधेच्या हातच्या कमाईचे आहे. राजू तिला जन्मभर लेकीसारखे सांभाळल्याचे बोलतो. ती मात्र आपण त्याला उभे केले हे कधीच बोलत नाही. पुढे संपत्ती, घर, मान यांची देवघेव सुरू होते तेव्हा ही पहिली रक्कम प्रेक्षकाच्या ध्यानात असावी अशी अपेक्षा आहे. तमिळ प्रेक्षक ती विसरत नाही. त्यामुळे त्याला राजू हा उपकारकर्ता दिसत नाही, कर्जदार दिसतो. आणि कर्ज फेडता न येणारा कर्जदार हट्टी होतो, हे कोणालाही समजण्यासारखे आहे.

भीमसिंग यांना घर आणि पैसा यांची ही सांगड फार चांगली कळत असे. ‘प’ने सुरू होणाऱ्या त्यांच्या चित्रपटांची मालिकाच आहे. १९५९ च्या ‘भाग पिरिविनै’चा (तमिळ लिपीत हा ‘भ’ही ‘प’नेच लिहितात) तर अर्थच ‘वाटणी’. मराठी वाचकांना तो १९६५ च्या ‘खानदान’ या हिंदी रूपात माहीत असेल. १९६१ या एका वर्षात त्यांचे ‘पाव मन्निप्पु’, ‘पासमलर’ आणि ‘पालुम पळमुम’ असे तीन चित्रपट आले, तिन्ही शिवाजींना घेऊन. ते मुळात संकलनातून आलेले दिग्दर्शक होते, आणि ते दिसते: रडण्याचा प्रसंग ते लांबवतात, पण त्याच्या आधीचा प्रसंग ते फार लवकर कापतात, त्यामुळे प्रेक्षकाला सावरायला वेळ मिळत नाही.

आता अभिनयाकडे वळू. शिवाजी गणेशन लहानपणीच तमिळ ‘बॉइज कंपनी’त गेले. या नाटकमंडळ्यांत मुलगेच सगळी कामे करत, स्त्रियांचीसुद्धा. त्यांनीही तिथे स्त्रीभूमिका केल्या. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, भुवई उचलली तरी ती मागून दिसली पाहिजे, असे ते शिक्षण. आपल्या संगीत नाटकांच्या मंडळ्या ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या गप्पांतून ऐकल्या आहेत त्यांना याची कल्पना येईल. वास्तववादी अभिनयाच्या मापाने हा अभिनय मोजला तर तो जास्तच भरणार. कीर्तनकाराच्या आवाजाला आपण ‘मोठ्याने बोलतो’ असे म्हणत नाही, तसे काहीसे. तरीही मी त्यांचा आंधळा भक्त नाही. ‘पासमलर’मध्ये एकदोन ठिकाणी त्यांचा हुंदका मलाही नको तितका लांब वाटतो. अशा वेळी मी सावित्रींकडे पाहतो. त्यांचा चेहरा शिवाजींच्या उलट काम करतो. शिवाजी उलगडत जातात तशा त्या आवळत जातात, आणि दोघांना एकत्र पाहिले की तोल साधतो. एकट्या शिवाजींवर नजर ठेवून हा चित्रपट पाहू नका, एवढा सल्ला मी नेहमी देतो.

जाता जाता, ‘शिवाजी’ हे नाव त्यांना महाराजांमुळेच मिळाले. मूळ नाव गणेशन. सी. एन. अण्णादुराई (पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री) यांनी शिवछत्रपतींवर लिहिलेल्या नाटकात त्यांनी महाराजांची भूमिका केली, स्वतः अण्णादुराई त्यात गागाभट्ट झाले होते, आणि ती भूमिका पाहून द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले. सासऱ्यांना हे सांगून पाहा. बहुधा त्यांना माहीत असेलच, पण आपल्यालाही माहीत आहे याचे त्यांना कौतुक वाटेल.

शेवटच्या प्रसंगाचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे, कारण आपण कोरडे राहता ते तिथे. मरणाच्या दारातला भाऊ बहिणीला ‘कै वीसम्मा कै वीसु’ म्हणतो. उपशीर्षकात ‘हात हलव’ एवढेच येते, आणि न जाणणाऱ्याला वाटते की तो तिला निरोपाचा हात हलवायला सांगतो आहे. हे तमिळ घरांतले बडबडगीत आहे. बाळाला बसते करून, त्याचा हात धरून झुलवत म्हणायचे: हात हलव, दुकानात जाऊ, मिठाई घेऊ, हळूहळू खाऊ. प्रत्येक तमिळ माणसाच्या कानात ते आईच्या किंवा आजीच्या आवाजात असते. आई नसलेल्या घरात ते बहिणीला कोणी म्हटले असेल? भावानेच. तो मरताना तिच्याशी त्या आवाजात बोलतो. म्हणजे श्रीमंती, कारखाना, लग्न, भांडण हे सगळे वजा करून तो तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाशी जाऊन पोचतो.

याचे मराठी करताना मी आठवडाभर अडलो होतो. ‘अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं’ घालावे असा मोह झाला, कारण मराठी कानात तीच जागा त्या ओळींची आहे आणि ऐकताक्षणी घसा दाटतो. पण शिवाजींचा हात पडद्यावर हलतो, आणि खाली ‘रुप्याचा वाळा’ लिहिले तर डोळा आणि कान यांचे भांडण लागते. अखेर मी ‘हात हलव गं बाळे, हात हलव, दुकानात जाऊ, हात हलव’ असे साधे ठेवले आणि पूर्वार्धात सापडलेल्या एका रिकाम्या जागेत ‘लहानपणीचे बडबडगीत’ अशी छोटी टीप घातली. परिपूर्ण उत्तर नाही. आपण मात्र तो प्रसंग पाहताना मनातल्या मनात ‘अडगुलं मडगुलं’ ऐका. भाषांतरकाराला जे करता येत नाही ते प्रेक्षकाला करता येते.

‘राखी’ आधी पाहावा का, याचे माझे उत्तर ‘नको’ असे आहे. १९६२ चा हा चित्रपट भीमसिंग यांनीच दिग्दर्शित केला. अशोक कुमार, वहिदा रेहमान आणि प्रदीप कुमार त्यात आहेत, आणि अशोक कुमार यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. वाईट मुळीच नाही. परंतु दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे वय: शिवाजी तेव्हा तिशीच्या सुरुवातीला होते आणि सावित्री त्यांच्या पाठची वाटतात, तर अशोक कुमार पन्नाशीचे आणि वहिदा रेहमान चोविशीच्या, त्यामुळे भाऊ नकळत बाप होतो आणि बरोबरीने कमावणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट झाकोळते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. उत्तरेत आते-मामे भावंडे ही भाऊ-बहीणच. त्यांच्या लग्नाचा विचारसुद्धा तिथे अभद्र. तेव्हा अंगाईतला तह तिथे मांडताच येत नाही, आणि नात्याचा सगळा भार राखीच्या धाग्यावर येतो, जो सण मूळ कथेच्या मुलखात भाऊ-बहिणीचा मोठा सण नाही. तेलुगूत हीच कथा त्याच वर्षी ‘रक्त संबंधम’ या नावाने आली, भाऊ एन. टी. रामाराव आणि बहीण पुन्हा सावित्रीच. आंध्रात नाती तमिळसारखीच असल्यामुळे तिथे तिला असा फेरफार करावा लागला नाही.

तेव्हा, पुढच्या पोंगलला काय करावे? इंग्रजी उपशीर्षके बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण तमिळ मुळीच येत नसेल तर आनंदन आणि राजू यांचा वाद समजणार नाही. पण गाण्यांपुरती खालची ओळ वाचू नका. आदल्या दिवशी पत्नीकडून किंवा सासऱ्यांकडून त्या अंगाईचा अर्थ कडव्याकडव्याने समजावून घ्या. त्यात एके ठिकाणी बाळाला पोदिगै डोंगरावर उगम पावून मदुराई नगरी पाहून आलेल्या तमिळची उपमा दिली आहे. मदुराई सोडून पुण्यात स्थिरावलेल्या माणसाला त्या ओळीत काय ऐकू येत असेल, ते कोणतेही उपशीर्षक सांगू शकणार नाही, सासरे सांगतील. आणि लग्नाच्या प्रसंगातले, एल. आर. ईश्वरी यांच्या आवाजातले ‘वारायेन तोळि वारायो’ सुरू झाले की पत्नीला विचारा, आपल्या लग्नात ते वाजले होते का. तमिळ लग्नांत ते अजूनही वाजते, त्यामुळे ते आपण बहुधा आधी ऐकलेले असेल, फक्त कोणत्या चित्रपटातले ते माहीत नसताना.